समानार्थी शब्दांच्या याद्या नकोत, शब्दांची कुळे छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, परीक्षांच्या पुस्तकांतून आणि मोबाइलवरून जी चौकट रोज समोर येते, तिची घडण ठरलेली असते. वर एक शब्द, शेजारी त्याचा मराठी अर्थ, खाली त्याच अर्थाचे सात-आठ शब्द, आणि जागा उरली तर चार विरुद्धार्थी. शब्द सुटे न शिकता गटाने शिकावेत, असा त्यामागचा विचार आहे आणि तो बरोबरच आहे. चूक होते ती गट निवडताना. नव्याने शिकणाऱ्यासाठी समानार्थी शब्दांचा गट हा सर्वांत गैरसोयीचा गट आहे, आणि नेमका तोच आपण सर्वांत आधी त्याच्या हाती देतो. याबद्दल थोडे तपशिलाने लिहितो.

एक नेहमीची यादी घ्या: मिटिगेट, अलीव्हिएट, अले, अस्वेज, प्लकेट, अपीज. सहाही शब्दांपुढे ‘कमी करणे, शांत करणे’ असे लिहिलेले असते. शिकणारा सहा नवी रूपे एकाच अर्थाच्या खुंटीला टांगतो. दुसऱ्या दिवशी खुंटी आठवते, तिच्यावर काय टांगले होते ते आठवत नाही. किंवा अलीव्हिएट आठवतो आणि त्यामागे अले पुसला जातो. सारख्या अर्थाच्या नव्या गोष्टी एकाच वेळी स्मरणात घातल्या की त्या एकमेकींना अडवतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक टिंकहॅम यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये कृत्रिम शब्द वापरून हे तपासले, आणि वेअरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी भाषकांवर तोच प्रयोग पुन्हा केला. दोघांनाही दिसले ते हेच, की एकाच अर्थवर्गातले नवे शब्द एकत्र दिले तर ते पाठ व्हायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त फेऱ्या लागतात.

विरुद्धार्थी जोड्यांचे तर आणखी वाईट होते. ‘हायपो’ म्हणजे कमी आणि ‘हायपर’ म्हणजे जास्त, हे एकाच दिवशी, एकाच ओळीत शिकलेल्याला पुढे कित्येक वर्षे त्यांतला कोणता कोणाचा, हा प्रश्न पडत राहतो. एमिग्रेट आणि इमिग्रेट यांचेही तसेच. जोडीतला एक शब्द आधी शिकावा, तो पक्का होऊ द्यावा, आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी घ्यावा.

यादीचा दुसरा दोष अर्थाचा आहे. वरचे सहा शब्द समानार्थी म्हणून छापले जातात, पण वाक्यात एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मिटिगेट होतो तो धोका, नुकसान, एखाद्या गोष्टीचा दुष्परिणाम. अलीव्हिएट होते वेदना, दारिद्र्य, गर्दीचा ताण. अले करायची ती भीती, शंका, संशय. अस्वेज होते अपराधीपणाची टोचणी, दुःख किंवा भूक. प्लकेट आणि अपीज यांना समोर माणूस लागतो: रागावलेल्याला प्लकेट करतात, आणि अपीजमध्ये मागण्या मान्य करून गप्प बसवल्याचा, म्हणून थोडा कमीपणाचा सूर आहे. मराठीतही आपण तहान भागवतो, भूक शमवतो, शंका फेडतो, राग शांत करतो. ‘शंका भागवली’ म्हटले की कानाला खटकते. मराठीत कान आपोआप तयार झालेला असतो. इंग्रजीत तो तयार करावा लागतो, आणि ‘कमी करणे’ या दोन शब्दांनी तो तयार होणार नाही. म्हणून शब्दाचा अर्थ लिहिण्याइतकेच, किंबहुना थोडे जास्तच महत्त्व, तो कोणत्या शब्दांच्या शेजारी बसतो हे लिहिण्याला आहे.

मग गट कोणता घ्यावा? पहिला आणि सर्वांत फलदायी गट एका धातूच्या शब्दांचा. आपल्याला तो नवा नाही. हृ या एका धातूला उपसर्ग लावून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे किती वेगवेगळ्या अर्थांचे शब्द झाले, ते शाळेत शिकवले जाते. इंग्रजीतले वरच्या पातळीचे बहुतेक शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले आहेत आणि ते असेच घडलेले आहेत.

उदाहरण म्हणून ‘ग्रेग’ घेऊ. लॅटिनमध्ये याचा अर्थ कळप. या कुळात पाच कामाचे शब्द आहेत. ग्रिगेअरिअस म्हणजे ज्याला माणसांत राहायला आवडते असा. प्राण्यांबद्दल वापरला तर कळपाने राहणारा. काँग्रिगेट म्हणजे एकत्र जमणे, कारण ‘कॉन’ म्हणजे सह. सेग्रिगेट म्हणजे वेगळे काढणे, कारण ‘से’ म्हणजे बाजूला. ॲग्रिगेट म्हणजे सगळे मिळून झालेली बेरीज. ‘ॲड’ म्हणजे कडे, तर कळपाकडे आणून जोडलेले. राहिला इग्रीजस. ‘ए’ म्हणजे बाहेर. कळपातून बाहेर उठून दिसणारा. एके काळी हा शब्द स्तुतीचा होता, आज त्याचा अर्थ उलटा आहे: डोळ्यांत भरण्याइतका वाईट. इग्रीजस एरर म्हणजे अक्षम्य चूक. संस्कृत धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजबरीच्या गुन्ह्याचा शब्द होता आणि आज तो आपल्याकडे गौरवाचा आहे, तसाच हा प्रवास, फक्त उलट दिशेने.

या पाच शब्दांना समान धागा आहे, पण अर्थ पाच निराळे आहेत. म्हणून ते एकमेकांना पुसत नाहीत. एकाची आठवण दुसऱ्याला ओढून आणते. समानार्थी यादीत आणि कुळात फरक आहे तो इथे.

कुळ शिकताना एक अडचण हमखास येते. उपसर्ग ओळखू येत नाही, कारण तो पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. ‘इन’ हा नकार ‘इम’, ‘इल’, ‘इर’ होतो: इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. ‘कॉम’ चा ‘कॉल’ आणि ‘कॉर’ होतो, ‘सब’ चा ‘सक’, ‘सफ’, ‘सप’ होतो, आणि ‘ॲड’ तर आठ-नऊ वेषांत भेटतो. मराठी वाचकाने याला घाबरायचे कारण नाही, कारण ही व्यंजनसंधीच आहे. सत् अधिक जन सज्जन होते, उत् अधिक लेख उल्लेख होतो, तसेच ॲड अधिक ग्रेग मिळून ॲग्रिगेट होतो आणि सब अधिक पोर्ट मिळून सपोर्ट. याचा एक रोकडा फायदा स्पेलिंगमध्ये आहे. अकॉमोडेट मध्ये सी दोन की एक, एम दोन की एक, हा गोंधळ जगभर होतो. शब्द फोडून पाहा: ॲड, मग कॉम, मग मोड. ॲडचा डी पुढच्या सीसारखा झाला, म्हणून सी दोन. कॉमचा एम आणि मोडचा एम शेजारी आले, म्हणून एम दोन. इल्लीगलमध्ये एल दोन का आणि ॲग्रिगेटमध्ये जी दोन का, तेही याच न्यायाने कळते. घोकण्याची गरज उरत नाही.

धातूचा स्वरही बदलतो. फॅक्टरीमधला ‘फॅक’ एफिशियंटमध्ये ‘फिश’ आणि परफेक्टमध्ये ‘फेक्ट’ होतो. तिन्हींत मूळ अर्थ करणे. कृ चा कर आणि कार होतो, भू चा भव आणि भाव होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा बदल परका वाटू नये. म्हणून वहीत कुळाच्या डोक्यावर धातूचे एकच रूप लिहून भागत नाही. फॅक, फिक, फेक्ट अशी सगळी रूपे लिहावी लागतात.

आपल्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट आहे आणि ती शिकवण्यात फारशी वापरली जात नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये मांडले. त्याचा अर्थ असा, की लॅटिन-ग्रीक धातूंपैकी कित्येकांचे भाऊबंद आपल्या रोजच्या मराठीत बसलेले आहेत. ‘व्हॉक’ आणि वाक्, ‘व्हिड’ आणि विद्, ‘मॉर्ट’ आणि मृत, ‘डेंट’ आणि दंत, ‘नोव्ह’ आणि नव, ‘जेन’ आणि जन, ‘जुग’ आणि युग. ‘ग्नो’ या ग्रीक धातूचा भाऊ ज्ञा. म्हणून १८६९ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सली यांनी घडवलेला ॲग्नॉस्टिक हा शब्द फोडला तर आपल्या ‘अज्ञ’ शब्दाचीच फोड समोर येते, अर्थ मात्र ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा. ‘फेर’ आणि भृ, म्हणजे वाहून नेणे, हेही भाऊ. त्यामुळे व्होसिफरस, म्हणजे आरडाओरडा करून बोलणारा, याच्या दोन्ही अर्ध्या भागांचे नातेवाईक आपल्याकडे सापडतात. हे नाते एकदा दाखवले की धातूचा अर्थ पाठ करावा लागत नाही. इथे खुंटी आधीपासून भिंतीत ठोकलेली असते.

मात्र नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर नाते जोडू नये. ग्रीक ‘थिऑस’ आणि आपला देव यांचा संबंध नाही. देवाचा खरा भाऊ लॅटिन ‘डेउस’, ज्यापासून डीइटी हा शब्द आला. इंग्रजीच्या आतही असे सारखे दिसणारे, पण वेगळ्या घरचे धातू आहेत आणि तिथे चांगले चांगले फसतात. पेडेस्ट्रिअन आणि पेडलमधला ‘पेड’ लॅटिन, अर्थ पाय. पीडिअॅट्रिक्समधला ग्रीक, अर्थ मूल. होमिसाइडमधला ‘होमो’ म्हणजे माणूस, होमोजीनिअसमधला म्हणजे समान. मिसअंडरस्टँडमधला ‘मिस’ म्हणजे चुकीचे, मिसँथ्रोपमधला म्हणजे द्वेष. मिनिएचर हा शब्द लहानपणावरून आला असे वाटते, पण तो आला शेंदरी रंगाच्या मिनिअम या नावावरून. हस्तलिखितांत त्या रंगाने चित्रे काढत. आणि ‘इन’ ने सुरू होणारा प्रत्येक शब्द नकारार्थी नसतो. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारे असे समजणे धोक्याचे आहे. त्याचा अर्थ सहज पेट घेणारे असाच आहे. इन्व्हॅल्युएबल मध्ये नकार आहे, पण तो आपल्या ‘अमूल्य’मधला नकार आहे: ज्याचे मोल करता येत नाही ते. म्हणून नियम असा, की फोड करून अर्थाचा अंदाज बांधावा, आणि अंदाज कोशात पडताळल्याशिवाय वहीत लिहू नये. फोड ही आठवणीची सोय आहे. अर्थ ठरतो आजच्या वापरावरून.

दुसरा गट एकाच शब्दाच्या रूपांचा: क्रियापद, नाम, विशेषण. हा सोपा समजून सोडून देतात आणि लिहिताना तिथेच अडतात. ॲनलाइज हे क्रियापद माहीत असणाऱ्याला अनॅलिसिस हे नाम बोलताना अडखळायला होते, कारण जोर सरकतो आणि जोराबरोबर स्वर बदलतो. यासाठी एक नियम पाठ असावा: ज्या शब्दांच्या शेवटी ‘इक’, ‘इटी’ किंवा ‘शन’ येते, त्यांत जोर बहुधा त्या शेवटाच्या लगेच आधीच्या अवयवावर (सिलॅबलवर) पडतो. फोटोग्राफिकमध्ये ‘ग्रा’वर, इलेक्ट्रिसिटीमध्ये ‘ट्रि’वर, एज्युकेशनमध्ये ‘के’वर. ‘नेस’, ‘फुल’, ‘ली’ लावल्याने जोर हलत नाही. अपवाद आहेत, जसे पॉलिटिक्स आणि अंकगणित या अर्थाचे अरिथ्मेटिक हे नाम, पण नियमाने नव्या शब्दांपैकी बहुतेक सुटतात.

याच गटात काही जोड्या अशा आहेत की त्यांचे मूळ एक आणि अर्थ दूरदूरचे. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचा, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा. कन्सिडरेट म्हणजे दुसऱ्याचा विचार करणारा, कन्सिडरेबल म्हणजे बराच. क्रेडिबल म्हणजे विश्वसनीय, क्रेड्युलस म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा, भोळसट. मोमेंटरी म्हणजे क्षणभराचा आणि मोमेंटस म्हणजे अतिशय महत्त्वाचा. या जोड्याही एका बैठकीत देऊ नयेत, कारण वर सांगितलेली पुसापुशी इथेही होते.

तिसरा गट प्रसंगाचा. एका घटनेत जे शब्द एकामागून एक लागतात ते. खटला घ्या: आरोपीवर चार्ज ठेवला जातो, तो आपली ॲलिबाय मांडतो, साक्षीदार टेस्टिफाय करतो, तो खोटे बोलला तर ती पर्जरी, शेवटी व्हर्डिक्ट येतो आणि आरोपी ॲक्विट होतो. हे सहा शब्द अर्थाने एकमेकांसारखे नाहीत, पण त्यांना गोष्टीचा क्रम आहे. टिंकहॅम यांच्या १९९७ च्या प्रयोगात अशा प्रसंगाने जोडलेल्या शब्दांनी स्मरणाला मदत केली, अडथळा आणला नाही. ॲलिबाय हा लॅटिनमध्ये ‘अन्यत्र’ या अर्थाचा शब्द. मी तेव्हा अन्यत्र होतो, हाच तो बचाव. ॲक्विटनंतर ‘ऑफ’ येते, ‘फ्रॉम’ नाही, हेही इथेच लिहून ठेवावे. ‘मुक्त केले’चे शब्दशः भाषांतर करणारा तिथे फ्रॉम लिहितो.

आता समानार्थी शब्द. ते शिकूच नयेत असे म्हणणे नाही. शिकावेत, पण शेवटी. गटातले निदान तीन-चार शब्द वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाक्यांत भेटून ओळखीचे झाले की मग त्यांना एका पट्टीवर मांडावे. थ्रिफ्टी, फ्रूगल, पार्सिमोनिअस, मायझर्ली: काटकसरीपासून कंजूषपणापर्यंत ही पट्टी आहे आणि फ्रूगलच्या पुढे कुठेतरी कौतुक संपून नावे ठेवणे सुरू होते. स्लिम, थिन, स्किनी, गॉन्ट, इमॅशिएटेड: सडपातळ, बारीक, किडकिडीत, गालफडे बसलेला, हाडांचा सापळा. मराठीत अशी पट्टी करता येते तिथे ती जरूर करावी, कारण ‘बारीक’ हा एकच अर्थ पाचही शब्दांपुढे लिहिला तर परीक्षेत पर्याय निवडता येईल, पण एखाद्या माणसाला सभेत स्किनी म्हणून मोकळे होण्याची पाळीही येईल.

इंग्रजीत एका अर्थाचे इतके शब्द का साठले, हे कळले तर पट्टी लावणे सोपे जाते. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घ काळ दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच होती. लॅटिन तर धर्माची आणि विद्येची होतीच. म्हणून आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट असे तीन थर दिसतात: पहिला घरचा, दुसरा फ्रेंच, तिसरा लॅटिन. किंगली, रॉयल, रीगल यांचेही तसेच. निवाडा, न्याय, इन्साफ हे तीन शब्द मराठीत अशाच तीन थरांतून आले आहेत आणि प्रत्येकाचा सूर आपल्याला बरोबर कळतो. इंग्रजीत लांब आणि लॅटिन शब्द म्हणजे चांगला शब्द, ही समजूत मात्र सोडायला हवी. साध्या पत्रात ‘स्टार्ट’च्या जागी ‘कमेन्स’ घातला की लेखन प्रौढ होत नाही, अवघडते.

किती शब्द लागतात? शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये केलेल्या हिशोबाप्रमाणे, छापील मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत तर सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुटुंब) लागतात. ९८ टक्के म्हणजे ५० शब्दांत एक अनोळखी. ९५ टक्क्यांवर २० शब्दांत एक अनोळखी येतो, म्हणजे दर दोन ओळींना ठेच. उच्च शिक्षणासाठी वाचणाऱ्याने ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुटुंबांची यादी आधी संपवावी. विद्यापीठीय मजकुराचा साधारण १० टक्के भाग एवढ्याशा यादीत येतो. ही यादी अर्थाने गटलेली नाही, वापराने निवडलेली आहे, म्हणून तिच्यातला एकेक शब्द घेऊन त्याचे कुळ आपण स्वतः बांधायचे. कुळ बांधताना सापडेल ते सगळे घेऊ नये. बोलण्याच्या ‘लॉक’ या धातूत एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्विअल, सर्कमलोक्यूशन घ्यावेत. ऑब्लोक्वी वर्षातून एकदा भेटतो, तो सोडावा.

वहीची पद्धत अशी ठेवावी. एका कुळाला समोरासमोरची दोन पाने. डाव्या पानावर धातू, त्याची सगळी रूपे, मूळ अर्थ, आणि आधीपासून माहीत असलेला एक शब्द. त्या ओळखीच्या शब्दाशिवाय कुळ सुरू करू नये. खाली जास्तीत जास्त सहा शब्द, प्रत्येकाची उपसर्ग तोडून लिहिलेली फोड आणि जोराच्या अवयवाखाली रेघ. उजव्या पानावर प्रत्येक शब्दाचे दोन-तीन शेजारी शब्द, वाचनात सापडलेले एक वाक्य आणि स्वतः रचलेले एक. कोशातले वाक्य उतरवले तर चालते, पण वाचनात सापडलेले जास्त टिकते, कारण त्याच्या मागेपुढे मजकूर असतो. पहिल्या दिवशी सहापैकी दोनच शब्द घ्यावेत, मग रोज दोन. मराठी अर्थ एका शब्दात लिहिण्याचा हट्ट नको. ‘कशाबद्दल आणि कोणत्या सुरात’ हे अर्ध्या ओळीत लिहावे.

उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणे, अशी समजूत फार घट्ट आहे आणि बहुतेकांची मेहनत तिथेच वाया जाते. वाचताना सगळे ओळखीचे वाटते. पान मिटले की काही येत नाही. ओळखणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या चाचण्या फक्त पहिले काम तपासतात. म्हणून पान झाकून धातूखालचे शब्द कोऱ्या कागदावर लिहावेत, आणि मग मराठी वाक्य वाचून इंग्रजी शब्द आठवावा. ही दुसरी दिशा अवघड आहे, आणि लिहिताना-बोलताना लागते तीच. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले. तेव्हा उजळण्या सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ ठेवाव्यात: दुसऱ्या दिवशी, चौथ्या, आठव्या, एकविसाव्या आणि मग साठाव्या दिवशी. चुकलेल्या शब्दावर तारीख घालून तो पुन्हा पहिल्या पायरीवर आणावा. एका पानाच्या उजळणीला तीन-चार मिनिटे पुरतात.

आठवड्याला तीन कुळे, म्हणजे १८ शब्द, हे झेपते. दर पाचव्या आठवड्यात नवे काही न घेता फक्त मागचे पाहावे. असे वर्षाचे ४१-४२ आठवडे धरले तरी सातशेच्या वर शब्द पक्के होतात. रोज ५० शब्दांचा संकल्प करणारे दुसऱ्या आठवड्यात थांबतात, कारण तेव्हा उजळणीला आलेले जुने शब्द शेकड्यांनी साठलेले असतात आणि नव्यांना वेळच उरत नाही.

आपल्याकडे माझी विनंती चौकटीपुरती आहे. रोज एक तुटक यादी छापण्याऐवजी सहा दिवसांत एक कुळ द्यावे. पाहण्याच्या अर्थाचा ‘स्पेक’ हा धातू नमुन्यादाखल देतो. सोमवारी फक्त धातू आणि ओळखीचे दोन शब्द, इन्स्पेक्ट आणि रिस्पेक्ट; रिस्पेक्ट म्हणजे ज्याच्याकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटते ते. मंगळवारी रेट्रोस्पेक्ट आणि इंट्रोस्पेक्शन, मागे पाहणे आणि आत पाहणे, दोन्हींचे एकेक पूर्ण वाक्य. बुधवारी सर्कमस्पेक्ट: चारी बाजूंना पाहून पाऊल टाकणारा, सावध. गुरुवारी कन्स्पिक्युअस, इथे ‘स्पेक’चा ‘स्पिक’ झाला हे दाखवून. नजरेत भरणारा, आणि त्याच्याबरोबर ‘कन्स्पिक्युअस बाय हिज ॲब्सेन्स’ हा ठरलेला वाक्प्रयोग, म्हणजे न आल्यामुळेच जो जाणवला असा. शुक्रवारी ऑस्पिशस. ‘अविस’ म्हणजे पक्षी. रोमन लोक पक्षी पाहून शुभाशुभ ठरवत, त्यावरून शुभ या अर्थाचा हा शब्द. आपल्या ‘शकुन’ शब्दाचाही संस्कृतात एक अर्थ पक्षी असाच आहे, तेव्हा हा शब्द मराठी वाचकाला एका ओळीत कायमचा देता येतो. शनिवारी पाच वाक्ये, रिकाम्या जागांसह, उत्तरे पानाच्या दुसऱ्या टोकाला.

आणि तीन आठवड्यांनी याच कुळाची पाच नवी वाक्ये पुन्हा, या वेळी धातू न देता आणि मराठी अर्थही न देता.

आपला,
इंग्रजीचा एक अध्यापक